नोंदीचे संकेतन आणि तिचे दस्तऐवजीकरण : एका प्रोग्रामिंग लायब्ररीचे वाचन

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाचा संगणकाशी येणारा पहिला गंभीर संबंध बहुधा ग्रंथसूचीतून येतो. कोणत्या भाषेत, कोणत्या वर्षी, कोणाची कोणती कृती आली हे शोधताना तो ज्या नोंदींवर विसंबतो, त्या यंत्राच्या पोटात कशा साठवल्या जातात याचा विचार मात्र क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात अशा नोंदी वाचणारी आणि लिहिणारी ‘पायमार्क’ ही पायथन भाषेतील मुक्त लायब्ररी घेतली आहे. तिचे दस्तऐवज, म्हणजे ती वापरणाऱ्यासाठी लिहिलेली माहिती, कोणत्या गृहीतांवर उभे आहे आणि मराठी नोंदीच्या संदर्भात ही गृहीते कोठे अपुरी पडतात, हे पाहावयाचे आहे. (प्रोग्रामर मंडळी ‘लायब्ररी’ हा शब्द तयार आज्ञासंचासाठी वापरतात. घोटाळा टाळण्यासाठी येथे त्या अर्थी ‘लायब्ररी’ आणि पुस्तकांच्या जागेसाठी ‘ग्रंथालय’ असे शब्द योजले आहेत.)

पायमार्क ज्या साच्यावर काम करते त्याचे मूळ १९६०च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अ‍ॅव्रम यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या ‘मार्क’ प्रकल्पात आहे. १९७३मध्ये आयएसओ २७०९ या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानक म्हणून या साच्याला मान्यता मिळाली. तो काळ चुंबकीय फितीचा होता. फितीवर माहिती एका सलग ओळीत जाते. तेथे रकाने नाहीत, परिच्छेद नाहीत, पान नाही. म्हणून नोंदीची रचना नोंदीतच सांगावी लागते. आरंभी २४ बाइटांचे शीर्ष असते. त्यातील पहिले पाच अंक संपूर्ण नोंदीची लांबी सांगतात, म्हणजे कोणतीही नोंद ९९,९९९ बाइटांपेक्षा मोठी असू शकत नाही. शीर्षामागून निर्देशिका येते. प्रत्येक क्षेत्रासाठी तीत बारा अंक असतात : तीन क्षेत्राच्या नावाचे, चार लांबीचे, पाच ते क्षेत्र कोठून सुरू होते याचे. त्यानंतर प्रत्यक्ष मजकूर. उपक्षेत्रापूर्वी ३१ या मूल्याचा बाइट, क्षेत्राच्या अखेरीस ३० आणि नोंदीच्या अखेरीस २९. जुन्या पोथीत अध्यायाच्या शेवटी जशी समाप्तीची खूण येते, तसेच हे. फरक इतकाच की येथे खूण चुकली तर पुढचा सारा अध्याय वाचता येत नाही.

भारतीय ग्रंथालयांना हा साचा परका नाही. १९८० आणि १९९०च्या दशकांत येथे रुजलेली युनेस्कोची सीडीएस/आयसिस ही प्रणाली नोंदींची आयात-निर्यात आयएसओ २७०९मध्येच करी. पुढे इन्फ्लिबनेटची ‘सोल’ आणि न्यूझीलंडमध्ये जन्मलेली ‘कोहा’ या प्रणालींनीही मार्क २१ स्वीकारले. साचा सर्वत्र पोहोचला. त्यात भरलेला मजकूर मात्र दीर्घकाळ रोमन लिपीत राहिला. शंकर गणेश दाते यांनी ‘मराठी ग्रंथसूची’ देवनागरीत सिद्ध केली होती. तीत शोधणारा वाचक आणि रोमन लिप्यंतरात शोधणारा वाचक यांच्या हाती एकच मराठी साहित्य दोन वेगळ्या क्रमांनी येते.

येथे एक उदाहरण घेणे सोयीचे होईल. जबलपूरच्या राइट टाउन भागातील एका कुटुंबाच्या मराठी-हिंदी संग्रहाची सूची करताना मुक्तिबोध बंधूंचे ग्रंथ शेजारीशेजारी येतात. गजानन माधव मुक्तिबोध १९४०च्या दशकात काही काळ जबलपुरात होते. त्यांनी हिंदीत लिहिले. धाकटे शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले, आणि त्यांच्या ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथास १९७९चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. घर एक, लिपी एक, भाषा दोन. यंत्रापुढे केवळ देवनागरी बाइटांची रांग ठेवली तर त्यातून भाषा कळत नाही. ती कळते ००८ या क्षेत्रातील ३५ ते ३७ या स्थानांवरून, जेथे मराठीसाठी ‘मार’ आणि हिंदीसाठी ‘हिन’ अशी तीन-तीन रोमन अक्षरे लिहिलेली असतात. अर्थ येथे चिन्हात नसून चिन्हाच्या स्थानात आहे. संरचनावादाच्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता शरच्चंद्रांच्या ग्रंथाचे शीर्षक यंत्राच्या दृष्टीने मोजू. ‘सृष्टी’ या शब्दात आपण दोन अक्षरे वाचतो. युनिकोडच्या हिशेबाने तेथे सहा चिन्हे आहेत : स, ऋकाराची खूण, ष, हलन्त, ट आणि दीर्घ ईकार. यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘स’ म्हणजे २२४, १६४, १८४. म्हणून दोन अक्षरांचा हा शब्द १८ बाइटांचा होतो. १९९१च्या इस्की या भारतीय मानकात हाच शब्द सहा बाइटांत मावत असे. पूर्ण शीर्षकात स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा धरून ३२ चिन्हे आहेत. त्यांपैकी २८ देवनागरी, म्हणून एकूण बाइट ८८. क्षेत्राचे दोन निर्देशक, उपक्षेत्राची खूण व तिचे नाव, आणि अखेरची खूण असे आणखी पाच मिळवले की ९३. निर्देशिकेत लांबीच्या चार घरांत ००९३ असे यावयास हवे.

समजा, कोणी स्वतः लिहिलेल्या छोट्या आज्ञावलीत बाइटांऐवजी चिन्हे मोजली. मग तेथे ००३७ येईल. वाचणारी लायब्ररी ३७ बाइट उचलेल, शेवटचा बाइट समाप्तीची खूण समजून टाकून देईल, पहिले चार बाजूला ठेवील आणि उरलेल्या ३२ बाइटांतून ‘सृष्टी, सौंद’ एवढेच शीर्षक हाती देईल. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की हा छेद नेमका दोन चिन्हांच्या मधून जातो. तुटलेले असे एकही चिन्ह उरत नाही, म्हणून या क्षेत्रापुरता यंत्राला दोष दिसतच नाही. तो उमटतो पुढच्या क्षेत्रात, कारण ते आता ‘र’च्या दुसऱ्या बाइटापासून सुरू झालेले असते. दोषाचे कारण एकीकडे आणि लक्षण दुसरीकडे, हा प्रकार पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना चांगला परिचयाचा आहे.

पायमार्कसारख्या लायब्ररीचे खरे काम येथे आहे. नोंद लिहिताना ती प्रत्येक क्षेत्राचे प्रथम बाइटांत रूपांतर करते, मग लांबी मोजते, आणि निर्देशिका स्वतः रचते. माणसाने मोजायचेच नाही. इस्कीतील जुन्या नोंदी युनिकोडमध्ये आणताना प्रत्येक देवनागरी क्षेत्र जवळपास तिपटीने फुगते. जुनी निर्देशिका तशीच ठेवण्याचा मोह टाळून ती नव्याने लिहवून घेणे हाच मार्ग आहे.

अशा लायब्ररीचे दस्तऐवज हा एक स्वतंत्र लेखनप्रकार आहे आणि त्याची शैली करारनाम्याच्या जवळ जाते : अमुक दिलेत तर तमुक मिळेल. पायमार्कचे प्रास्ताविक दस्तऐवज मितभाषी आहे. नोंद कशी वाचावी, शीर्षक कसे काढावे, नवे क्षेत्र कसे जोडावे, हे चार-पाच ओळींच्या नमुन्यांतून दाखवले आहे. नमुन्यादाखल निवडलेला ग्रंथ ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर’ हा आहे. निवड निरुपद्रवी वाटते. तिचा परिणाम तसा नाही. साध्या इंग्रजी अक्षराला यूटीएफ-८मध्ये एकच बाइट लागतो, म्हणून त्या नमुन्यात चिन्हांची संख्या आणि बाइटांची संख्या सारखीच येते. मराठी नोंद ज्या भेदावर कोसळते, तो भेद इंग्रजी नमुन्यात अदृश्य असतो. दस्तऐवजात असत्य काहीच नाही. उदाहरणाच्या भाषेने एक प्रश्न मात्र विचारला जाण्यापूर्वीच मिटवून टाकला आहे.

नोंद वाचणाऱ्या घटकाला जे पर्याय देता येतात ते अधिक मननीय आहेत. शीर्षातील ९ क्रमांकाच्या स्थानावर (मोजणी शून्यापासून) रोमन ‘ए’ असेल तर मजकूर युनिकोड, जागा रिकामी असेल तर ‘मार्क-८’ हे जुने संकेतन. मार्क-८मध्ये ग्रीक, सिरिलिक, अरबी, हिब्रू आणि पूर्व आशियाई लिप्या आहेत, देवनागरी नाही. तेव्हा देवनागरी नोंदीत ही जागा रिकामी राहिली असेल तर शीर्ष खोटे बोलत आहे असे समजावे. अशा वेळी ‘फोर्स यूटीएफ-८’ हा पर्याय उपयोगी पडतो : शीर्ष काहीही म्हणो, मजकूर युनिकोड समजून वाच. दुसरा पर्याय न उलगडणाऱ्या बाइटांचे काय करावे याविषयीचा आहे. ‘स्ट्रिक्ट’ म्हटले तर वाचन थांबून दोष नोंदवला जातो. ‘रिप्लेस’ म्हटले तर त्या जागी बदलीचे ठरावीक चिन्ह येते. ‘इग्नोर’ म्हटले तर ते बाइट गुपचूप गळतात. संपादकाच्या भाषेत सांगायचे तर पहिला भ्रष्ट पाठापुढे थबकतो, दुसरा तेथे गळती दाखवणारी खूण करतो, तिसरा ओळ जुळवून घेऊन पुढे जातो. माझ्या मते तिसरा पर्याय ग्रंथसूचीच्या कामात वर्ज्य मानावा. वाचता न आलेल्या नोंदीच्या जागी पायमार्कच्या अलीकडच्या आवृत्त्या रिकामे मूल्य देतात आणि दोषाचे कारण व कच्चे बाइट स्वतंत्रपणे उपलब्ध ठेवतात. ही रीत सचोटीची आहे, पण नवख्याने हे रिकामे मूल्य तपासलेच नाही तर नोंद हरवल्याचे त्याला कळणार नाही.

जेथे दस्तऐवज गप्प आहे तेथे मराठी वापरणाऱ्याने स्वतःचे टिपण जोडावे. गजानन मुक्तिबोधांच्या ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ या १९६४च्या संग्रहाच्या शीर्षकातील ‘ढ़’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येते : एकसंध चिन्ह म्हणून तीन बाइटांत, किंवा ‘ढ’ आणि नुक्ता म्हणून सहा बाइटांत. डोळ्याला फरक दिसत नाही, शोध मात्र फसतो. युनिकोडच्या प्रचलित सामान्यीकरणात ‘ढ़’ दोन चिन्हांत फुटतो. मराठीतला ‘ऱ’ मात्र, जो त्याच नुक्त्याने घडतो, एकसंध राहतो. हिंदीचा नियम पाहून मराठीचा अंदाज बांधू नये. यूटीएफ-८ नोंदी वाचताना पायमार्क हे सामान्यीकरण करीत नाही. ते आपणच करून घ्यावे लागते.

‘ऱ्य’ची गोष्ट आणखी नाजूक आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील भेद काही जुन्या मजकुरांत साध्या ‘र’ला हलन्त व शून्यरुंदीचे सांधक चिन्ह जोडून दाखवलेला असतो. हे सांधक दिसत नाही, म्हणून ‘अनावश्यक अदृश्य चिन्हे’ काढणाऱ्या सफाईत ते प्रथम जाते, आणि पंगतीचे आचारी एका फटक्यात आचार्य होतात. तेथे बाइट बिनचूक, निर्देशिका बिनचूक, ‘स्ट्रिक्ट’ वाचनही निर्वेध.

लिप्यंतर आणि मूळ लिपी एकत्र ठेवण्याची सोय मार्क २१मध्ये ८८० या क्षेत्राने केली आहे. २४५मध्ये रोमन शीर्षक, ८८०मध्ये देवनागरी, आणि दोहोंना बांधणारा दुवा सहाव्या उपक्षेत्रात. पायमार्कच्या दृष्टीने ८८० हे इतरांसारखेच एक क्षेत्र. हा दुवा शाबूत आहे की नाही याची राखण वापरणाऱ्याने करावयाची असते. राइट टाउनच्या संग्रहासाठी जे मराठी टिपण तयार होत आहे, त्यात म्हणून नमुन्याच्या तीन नोंदी योजल्या आहेत : शरच्चंद्रांचा ग्रंथ बाइटांच्या मोजणीसाठी, गजाननांचा संग्रह नुक्त्यासाठी, आणि ज्याच्या शीर्षकात ‘ऱ्य’ येतो असे कोणतेही एक पाकपुस्तक. प्रत्येक नोंद लिहायची, पुन्हा वाचायची आणि दोन्ही वेळचे बाइट एकाखाली एक ठेवून ताडून पाहायचे.