टायर बसला तर आधी माणसं रस्त्याबाहेर, मग जॅक

आदिलाबाद : लग्नसराईचे दिवस होते. मे महिन्यात पांढरकवड्याचं एक लग्न आटोपून आम्ही रात्री आदिलाबादला परत येत होतो. गाडीत आई, बायको आणि दोन पोरं. पैनगंगेचा पूल ओलांडून पाच-सात किलोमीटर आलो असू, तेवढ्यात गाडी डावीकडे ओढायला लागली. उतरून पाहिलं तर पुढचा डावा टायर पार बसलेला. डिकीतून स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नाही. दोन वर्षांत तिच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

पण मोठी चूक ती नव्हती. मी मोबाइलच्या उजेडात चाकापाशी वाकलो होतो आणि पोरं गाडीच्या मागे, रस्त्याच्या कडेला उभी राहून बघत होती. पुढे एक ट्रक थांबला. ड्रायव्हर चालत आला, टायरकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "भाईसाब, टायर बाद में. पहले बच्चों को रोड से हटाओ."

त्याचं बोलणं शंभर टक्के खरं होतं. पंक्चरमुळे गाडी थांबते, एवढंच. माणसं मरतात ती बहुतेकदा त्यानंतरच्या घाईत आणि गाफीलपणात. राष्ट्रीय महामार्ग ४४ म्हणजे आपला जुना सात नंबर हायवे. नागपूर ते हैदराबाद रात्रंदिवस जड वाहनं धावतात. ताशी ऐंशीनं येणारा ट्रक एका सेकंदात बावीस मीटर पुढे सरकतो. अंधारात उभी गाडी त्याला दिसेपर्यंत फार थोडे सेकंद उरलेले असतात.

गाडी चालू असताना टायर गेला तर

मोठा आवाज झाला की पाय आपोआप ब्रेकवर जातो. तिथंच गाडी फिरते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा, गाडी आपोआप मंद होऊ द्या. वेग उतरला की इंडिकेटर देऊन डावीकडे घ्या, मग हलका ब्रेक. वळणावर, पुलावर किंवा चढाच्या माथ्यावर थांबू नका. रिम खराब होईल म्हणून जीव धोक्यात घालू नका. शंभर-दोनशे मीटर हळू चालवत मोकळी जागा गाठा. रिमचे पैसे परत मिळवता येतात.

मोटारसायकलचं मागचं चाक बसलं तर शेपूट हलल्यासारखं वाटतं. हँडल सरळ ठेवा, वेग उतरू द्या, आणि ज्या चाकात हवा आहे त्याचाच ब्रेक अलगद वापरा.

थांबल्यावर पहिली दोन मिनिटं

चारही इंडिकेटर चालू करा. गाडीतल्या सगळ्यांना डाव्या दारानं उतरवा आणि रस्त्यापासून लांब, शक्यतो कठड्याच्या पलीकडे उभं करा. गाडीच्या मागे किंवा पुढे कुणीच नको. मग लाल त्रिकोण घेऊन मागे किमान पन्नास पावलं जा, हायवेवर त्याहून जास्त. जाताना येणाऱ्या गाड्यांकडे तोंड ठेवा.

आपल्याकडे त्रिकोणाऐवजी दगड आणि झाडाच्या फांद्या ठेवायची सवय आहे. काहीच नसेल तर फांदी ठेवा, पण दगड नको. ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो, दगड तिथंच राहतात आणि रात्री एखादा बाइकवाला त्यावर जातो. जे ठेवाल ते निघताना उचला.

चाक बदलताना

हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा (ऑटोमॅटिक असेल तर 'पी' वर) आणि दुसऱ्या बाजूच्या चाकाला दगड लावा. नट गाडी खाली असतानाच पान्यानं अर्धा फेरा सैल करा. आधी गाडी उचलली तर नट फिरवताना चाकच फिरतं. आपल्या भागात रस्त्याच्या कडेला काळी माती असते. पावसाळ्यात तिच्यात जॅक रुततो आणि गाडी घसरते. म्हणून जॅकखाली लाकडाची जाड फळी ठेवा. फूटभराची एक फळी डिकीत कायम असू द्या.

गाडी उचलली की स्टेपनी गाडीखाली आडवी सरकवून ठेवा. जॅक सुटलाच तर गाडी तिच्यावर टेकेल, तुमच्या हातावर नाही. नवीन चाक बसवल्यावर नट समोरासमोरचे आवळा, ओळीनं नाही. गाडी खाली उतरवून पुन्हा एकदा पक्के करा. काही गाड्यांत स्टेपनी लहान आकाराची असते, तिच्यावर लिहिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवू नका.

ट्यूबलेस टायरमध्ये खिळा दिसला तर उपटू नका. तोच छिद्र बंद करून बसलेला असतो. हवा भरून हळूहळू दुकान गाठा. दुकानाची पाटी तेलुगूत असली तरी अडचण नाही, खांबाला टांगलेला जुना टायर दोन्ही राज्यांत एकच भाषा बोलतो. मात्र टायरची बाजू, म्हणजे कडेची भिंत फाटली असेल तर पंक्चर काढून चालत नाही. तो टायर बदलावाच लागतो.

फोन कुठे करायचा

एकट्यानं जमत नसेल, सोबत म्हातारी माणसं असतील किंवा जागा धोक्याची असेल तर राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा नंबर आहे. टोल-फ्री आहे, चोवीस तास चालतो आणि राज्य कुठलंही असलं तरी तोच. पोलिसांसाठी ११२ आणि ॲम्ब्युलन्ससाठी १०८ हे महाराष्ट्रात आणि तेलंगणातही चालतात.

पैनगंगेच्या काठावर फोन कधीकधी पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडतो. म्हणून बोलताना पहिल्याच वाक्यात सांगा : नदीच्या कुठल्या बाजूला आहात, कुठल्या दिशेनं निघाला होता आणि जवळच्या दगडावर किलोमीटरचा आकडा काय आहे. केळापूर, पिप्पलवाडा, रोल मामडा यांपैकी शेवटचा टोलनाका कुठला ओलांडला, एवढं सांगितलं तरी जागा कळते.

उटनूरकडच्या जंगलातल्या रस्त्यांवर मात्र काही ठिकाणी रेंजच नसते. नागोबाच्या जत्रेला केस्लापूरला जाणाऱ्यांनी आणि त्या बाजूला रात्री निघणाऱ्यांनी कुठून, किती वाजता निघालो हे घरी सांगून ठेवावं.

'नशीब' म्हणून सुटका नाही

टायर फुटला की आपण नशिबाला दोष देतो. कोर्टाला ते मान्य नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईला जाणाऱ्या एका कारचं मागचं चाक फुटलं आणि ३८ वर्षांचा प्रवासी दगावला. न्यायाधिकरणानं कुटुंबाला सुमारे सव्वा कोटी रुपये भरपाई दिली. विमा कंपनी हायकोर्टात गेली : टायर फुटणं ही दैवी आपत्ती आहे, आम्ही पैसे का द्यायचे? २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टानं हे म्हणणं फेटाळलं. टायर फुटणं दैवी नाही, तो माणसाचा निष्काळजीपणा आहे, निघण्याआधी टायर तपासणं हे चालकाचं काम आहे, असं कोर्टानं सांगितलं.

कारणही सरळ आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते आणि वाकते. त्या वाकण्यातून उष्णता तयार होते. त्यात आपल्याकडचा मे महिना, पंचेचाळीस अंशांकडे जाणारा पारा, तापलेला रस्ता, गाडीत क्षमतेपेक्षा जास्त वऱ्हाडी आणि पायाखाली वेग. मग टायर फुटतो.

निघण्याआधी पाच मिनिटं

हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. लांब चालवून आल्यावर दाब जास्त दिसतो, तेव्हा हवा काढू नका. गार झाल्यावर ती कमीच पडेल.

खाचा बघा. कारसाठी १.६ मिलिमीटर आणि दुचाकीसाठी ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी खाच नियमात चालत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. जुना टायर खाचा शाबूत असूनही कडक होऊन चिरतो. शेतात पऱ्हाटीच्या खुंटांवरून आणि बाभळीच्या काट्यांतून गाडी गेली असेल तर त्याच दिवशी टायर फिरवून बघा.

नवी गाडी असेल तर डिकी एकदा उघडून पाहाच. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर कारमध्ये स्टेपनी नसली तरी चालेल, असा नियम २०२० मध्ये झाला आहे. स्टेपनी नाही हे रात्री बारा वाजता कळू नये.

त्या रात्री ट्रकवाल्यानं त्याच्याच एअर लाइननं आमच्या स्टेपनीत हवा भरून दिली. पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून दर महिन्याला हवा भरताना मी चार नाही, पाच टायर सांगतो.