समता : शब्द आणि अर्थ

जे शब्द सर्वांच्या तोंडीं असतात, त्यांचाच अर्थ पुष्कळदां धूसर राहतो. ‘समता’ हा त्यांपैकींच एक. संस्कृत ‘सम’ म्हणजे सपाट, सारखा. साम्य, समानता आणि समता हे शब्द ह्याच घराण्यांतले. परंतु मराठींत त्यांचीं कामें निराळीं आहेत. दोन भावांच्या चेहऱ्यांत असतें तें साम्य. वडिलांच्या मिळकतीचे त्यांना सारखे वांटे मिळाले, तर ती समानता. आणि दोघांपैकीं एकालाहि कमी न लेखण्याची जी वृत्ति, ती समता. चौथा शब्द ‘बरोबरी’ हा घरगुती. पण ‘मोठ्यांची बरोबरी करूं नये’ असें मुलांना बजावलें जातें, तेव्हां बरोबरी म्हणजे उद्धटपणाच ठरतो!

समता म्हणजे एकसारखेपणा, असा एक नेहमींचा घोटाळा आहे. १५५७ सालीं रॉबर्ट रेकॉर्ड ह्या गणितज्ञानें बरोबरीसाठीं दोन समांतर रेषांचें चिन्ह छापलें. त्या चिन्हाच्या एका बाजूस तीन अधिक चार व दुसऱ्या बाजूस नऊ उणे दोन लिहितां येतात. रूपें निराळीं, किंमत एकच. माणसांचेंहि तसेंच. म्हणून ‘समान’ म्हटलें कीं ‘कोणत्या बाबतींत?’ हें विचारलेंच पाहिजे. २६ नोव्हेंबर १९४९ रोजीं स्वीकारलेल्या भारतीय राज्यघटनेनें ह्याचें उत्तर नेमकें दिलें आहे : दर्जांत, संधींत आणि कायद्यापुढें. बुद्धि किंवा बळ सर्वांना सारखें असतें, असें ती म्हणत नाहीं.

समानता आणि समता ह्यांतील अंतर महाडास दिसून आलें. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुले करावे, असा ठराव मुंबई कायदेमंडळानें १९२३ सालीं केला. महाडच्या नगरपालिकेनेंहि पुढें आपलें तळें खुलें ठरविलें. कागदावर समानता आली. ओंजळींत पाणी आलें नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचें पाणी प्याले, तेव्हां सत्याग्रहींना मारहाण झाली, आणि तळें ‘शुद्ध’ करून घेण्यांत आलें. मुंबई हायकोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूनें लागण्यास १९३७ साल उजाडलें. दरम्यान, १९२८ सालीं त्यांच्या प्रेरणेनें निघालेल्या एका पत्रास नांव दिलें गेलें तें ‘समता’. ठराव हातीं असतां काय मिळावयाचें राहिलें होतें, तें ह्या नांवांत आहे.

तात्पर्य, समानता कायद्यानें देतां येते. समता आचरणांत आणावी लागते. कामास येणाऱ्या बाईंसाठीं निराळा कप ठेवणारीं सुशिक्षित घरें आजहि आहेत. मतदानाच्या दिवशीं त्या घरची मालकीण आणि त्या बाई एकाच रांगेंत उभ्या राहतात व दोघींचें मत एकच भरतें. ती समानता होय. घरीं परतल्यावर कप कोणता पुढें येतो, त्यावरून समतेची परीक्षा होते.