नुकसान एक, मापं तीन

डिसेंबर उलटला की वाशीम जिल्ह्यातल्या पारापारावर एक प्रश्न हमखास निघतो: ‘गावाची पैसेवारी पन्नासच्या आत आली, मंग इमा काऊन नाही लागला?’ या प्रश्नाला सरकारी उत्तर आहे, पण ते ‘थ्रेशोल्ड’ नावाच्या शब्दाआड दडलेलं आहे. मराठी कागदपत्रांत त्याला ‘उंबरठा उत्पादन’ म्हणतात.

थ्रेशोल्ड म्हणजे ठरवून दिलेली मर्यादा. कराच्या व्यवहारात ती ओलांडली की देणं सुरू होतं. वस्तू विकणाऱ्या दुकानदाराची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की साधारणपणे त्याला जीएसटीची नोंदणी करावी लागते. विम्यात दिशा उलटी असते. तिथं उत्पादन मर्यादेच्या खाली घसरलं तरच पैसे मिळतात.

मात्र शेतातलं नुकसान मोजायला सरकारदरबारी एकच मर्यादा नाही, तीन आहेत. त्या तिन्हींची मोजणी वेगवेगळ्या पातळीवर होते आणि सगळी गफलत इथंच होते.

पहिलं माप पैसेवारीचं. हे मूळचं शेतसाऱ्याचं माप. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक आणि आठ आण्यांच्या आत आलं तर टंचाई, असा हिशेब होता. १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि आणेवारीची पैसेवारी झाली. ही मोजणी गावनिहाय होते. आधी नजरअंदाज, मग सुधारित आणि शेवटी अंतिम पैसेवारी जाहीर होते. ती ५० पैशांच्या आत आली, तर टंचाईच्या सवलतींचा मार्ग मोकळा होतो: जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, कृषिपंपांच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कमाफी. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेनंतर दुष्काळ ठरवताना पाऊस, पिकांची हिरवाई, जमिनीतला ओलावा हे निकषही आले. या कशातही विम्याचा संबंध नाही.

दुसरं माप पंचनाम्याचं. अतिवृष्टी किंवा पुरानं ज्याच्या शेतातलं ३३ टक्के किंवा त्याहून जास्त पीक गेलं, त्याला आपत्ती मदतनिधीतून अनुदान मिळतं. २०१५ पर्यंत ही अट ५० टक्क्यांची होती. २०२२ च्या निकषांत कोरडवाहू पिकांचा दर हेक्टरी ८,५०० रुपये होता. इथं मोजणी थेट शेताची होते.

तिसरं माप विम्याचं, आणि ते महसूल मंडळाचं असतं. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून लागू झाली. तिचं गणित सोयाबीनच्या एका कल्पित मंडळावरून पाहू. मागच्या सात वर्षांचं हेक्टरी उत्पादन समजा १,५००, १,२००, ७००, १,४००, १,६००, ९०० आणि १,३०० किलो आहे. यातली चांगली पाच वर्षं घेतली की सरासरी १,४०० किलो येते. महाराष्ट्रात जोखीमस्तर ७० टक्के, म्हणून उंबरठा ९८० किलो, म्हणजे एकरी जेमतेम चार क्विंटल. पीक कापणी प्रयोगांतून मंडळाची सरासरी ७८४ किलो निघाली, तर उंबरठ्यापेक्षा २० टक्के कमी. विमा संरक्षित रक्कम ५०,००० धरली तर भरपाई १०,००० रुपये. सरासरी १,००० किलो निघाली तर मात्र काहीच नाही. नेहमीपेक्षा हेक्टरी चार क्विंटल कमी पिकलं, तरी तो तोटा शेतकऱ्याच्याच अंगावर.

व्यक्तीऐवजी क्षेत्र मोजायची ही कल्पना एका मराठी अर्थशास्त्रज्ञानं पुढं आणली. पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर यांनी १९७६ मध्ये ती मांडली आणि १९७९ मध्ये साधारण विमा महामंडळानं त्या धर्तीवर प्रायोगिक योजना सुरू केली. लाखो शेतं एकेक करून तपासणं परवडणारं नव्हतं. शिवाय सरासरी संपूर्ण क्षेत्राची असली की मुद्दाम पीक बुडवून भरपाई घेण्यात कुणालाच फायदा उरत नाही.

तर्क पक्का आहे, पण त्याची किंमत पैनगंगेकाठचा शेतकरी मोजतो. नदीकाठची पट्टी खरवडून गेली आणि मंडळातली बाकीची शेतं पिकली, तर सरासरी उंबरठ्याच्या वरच राहते. पूर्वी अशा वेळी ७२ तासांच्या आत तक्रार करून स्थानिक आपत्तीखाली वैयक्तिक भरपाई मिळवता येत असे. २०२३ मध्ये आलेला एक रुपयाचा विमा २०२५ च्या खरिपात बंद झाला, हप्ता पुन्हा खरिपासाठी २ टक्क्यांवर गेला आणि त्याच वेळी राज्यानं ही वैयक्तिक जोखीमही वगळली. एक रुपया गेल्याची चर्चा खूप झाली. ही दुसरी वजाबाकी मोठी असूनही तिच्याकडं फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

उंबरठ्याची आणखी एक खोच आहे. सातातली दोन वाईट वर्षं गणितातून गळतात, तिसरं गळत नाही. ज्या मंडळात नापिकी वारंवार होते, तिथला उंबरठा आपोआप खाली सरकतो. सगळ्यात जास्त आधार लागतो तिथंच भरपाई मिळणं अवघड होत जातं.

म्हणून विमा भरतानाच आपल्या मंडळाचं उंबरठा उत्पादन किती, हे कृषी कार्यालयात विचारून घ्यावं. ई-पीक पाहणीत तेच पीक नोंदवावं. गावात कापणी प्रयोग होईल तेव्हा हजर राहावं, कारण काट्यावर पडणारं ते वजन मंडळातल्या प्रत्येकाच्या भरपाईत मोजलं जातं. आणि निवेदन द्यायचंच असेल, तर ‘विमा कधी मिळणार’ एवढ्यावर थांबू नये. मंडळाऐवजी गाव हा घटक धरा आणि जोखीमस्तर ७० वरून ८० टक्के करा, या मागण्या त्यात हव्यात. वरच्या उदाहरणात ८० टक्क्यांवर उंबरठा १,१२० किलो झाला असता आणि १,००० किलोच्या वर्षातही हेक्टरी पाच हजारांहून अधिक रुपये हातात आले असते.