औषधाच्या जोडीला योगोपचार

योगोपचार म्हणजे रुग्णाची तपासणी करून, त्याचे दुखणे, वय, कामधंदा आणि अंगातली ताकद पाहून ठरवलेला योगाभ्यास. सकाळच्या योगवर्गात पन्नास जण एका सूचनेवर एकच आसन करतात. योगोपचारात त्याच पन्नास जणांना निरनिराळा अभ्यास मिळतो, आणि काहींच्या वाट्याला आसन मुळीच येत नाही, फक्त श्वास आणि विश्रांती येते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गोळी, मात्रा, वेळ आणि पथ्य असते, तशीच इथे कोणती क्रिया, किती आवर्तने आणि काय टाळायचे याची नोंद असते. काही आठवड्यांनी पुन्हा तपासून ती बदलली जाते. धाराशिव जिल्ह्यात हा फरक विशेष महत्त्वाचा आहे. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या वर होती आणि सहापैकी पाच माणसे गावात राहणारी. त्यांतल्या बहुतेकांच्या शरीराला हालचाल कमी पडत नाही. एकाच प्रकारची हालचाल फार होते. अशा माणसाला ‘व्यायाम करा’ असा सल्ला देण्यात काही अर्थ नसतो.

या उपचारपद्धतीचा आधुनिक पाया महाराष्ट्रातच घातला गेला. श्रीयोगेंद्र यांनी १९१८ साली मुंबईत वर्सोव्याला योग संस्था काढली. ती पुढे सांताक्रुझला स्थिरावली. तिथे पहिल्यापासून आजारी माणसांसाठी अभ्यास आखला जात असे. प्रयोगशाळेची वाट मात्र स्वामी कुवलयानंदांनी धरली. जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचे मूळ नाव. अमळनेरला शिक्षणसंस्थेत काम करत असताना त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात उड्डियान आणि नौली या क्रियांच्या वेळी पोटात काय घडते हे क्ष-किरणांखाली पाहिले. नौलीमध्ये पोटाचे स्नायू मध्यभागी उभे राहतात तेव्हा मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवले आणि त्या निर्वाताला आपले गुरू माधवदासजी यांचे नाव दिले. बस्तिक्रियेत, म्हणजे आतडे पाण्याने धुण्याच्या क्रियेत, पाणी आत कसे ओढले जाते, याचा खुलासा त्यातून झाला. १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम उभे राहिले, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू झाले आणि पुढे रुग्णालयही आले. कुवलयानंद आणि डॉ. एस. एल. विनेकर यांचे योगोपचाराची तत्त्वे सांगणारे पुस्तक १९६३ सालचे. त्यातली भूमिका आजही जुनी वाटत नाही: आसन सावकाश व्हावे, स्नायूंना झटका बसू नये, अभ्यासानंतर माणूस थकण्याऐवजी ताजातवाना व्हावा.

पुण्यात बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली आले आणि त्यांनी वेगळ्या अंगाने भर घातली. आजारी माणसाला आसन जमत नसेल तर आसन त्याच्यापर्यंत आणायचे, म्हणून लोड, पट्टे, खुर्ची, लाकडी ठोकळे आणि भिंतीला बांधलेले दोर वापरात आले. १९७५ साली सुरू झालेल्या त्यांच्या संस्थेतले रुग्णांचे वर्ग पाहिले की योग म्हणजे अंगाची घडी घालण्याची कसरत, हा समज टिकत नाही.

योगोपचाराचा परिणाम होतो तो मुख्यतः दोन वाटांनी. पहिली वाट स्नायू आणि सांध्यांची. दुखरा भाग शरीर आवळून धरते. आवळल्यामुळे तिथला रक्तपुरवठा आणि हालचाल कमी होते, आणि दुखणे वाढते. संथ ताण आणि आधार दिलेली स्थिती हे चक्र मोडते. दुसरी वाट स्वायत्त मज्जासंस्थेची. भीती, घाई, चिंता यांत या संस्थेचा एक भाग नाडी आणि रक्तदाब वाढवतो, दुसरा त्यांना खाली आणतो. श्वास सोडताना नाडी किंचित मंदावते. म्हणून उच्छ्वास लांबवला, श्वासांची संख्या मिनिटाला सहाच्या आसपास आणली, की हा दुसरा भाग जोर धरतो.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. के. के. दाते यांनी डॉ. विनेकरांच्या साथीने उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवले. त्याचा अहवाल १९६९ साली प्रसिद्ध झाला. रुग्णाने रोज अर्धा तास उताणे पडायचे, पोटाने संथ श्वास घ्यायचा, श्वास घेतल्यावर थोडे आणि सोडल्यावर थोडे अधिक थांबायचे, आणि लक्ष नाकपुड्यांशी येणाऱ्या गार-उबदार हवेकडे ठेवायचे, एवढीच क्रिया. अनेकांचा रक्तदाब उतरला, काहींच्या गोळ्या कमी करता आल्या. मात्र सगळ्यांना सारखा गुण आला नाही, हेही त्याच अहवालात आहे. पुढे हृदयविकाराच्या झटक्यातून उठलेल्या ३,९५९ रुग्णांवर भारतातल्या २४ रुग्णालयांत मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. योगाधारित पुनर्वसनामुळे मृत्यू किंवा पुन्हा झटका येण्याचे प्रमाण निश्चितपणे घटले असे म्हणता आले नाही, पण रुग्णांना स्वतःची प्रकृती अधिक बरी वाटली आणि ते रोजच्या कामाला अधिक चांगले परतले. योगोपचाराकडून काय अपेक्षा ठेवायची याचा हाच प्रामाणिक अंदाज म्हणता येईल.

धाराशिवच्या दवाखान्यांत कंबर आणि गुडघ्यांच्या तक्रारी रोजच्याच. सोयाबीनची खुरपणी करणारी बाई तासन्‌तास उकिडवी बसून पुढे सरकते. कळंब, भूम, वाशी भागातून उसाच्या तोडणीला जाणारे जोडपे हंगामभर बुडख्याशी वाकते आणि मग मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढवते. जुनाट कंबरदुखीवर योगाचा उपयोग होतो याला भक्कम आधार आहे. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत औषधाआधी करून पाहण्याच्या उपायांत योगाचे नाव घेतले आहे. पण दिवसभर वाकणाऱ्या कंबरेला वर्गातले पश्चिमोत्तानासन दिले तर दुखणे वाढण्याचीच शक्यता. सुरुवात असते ती जमिनीवर उताणे पडून, पोटऱ्या बाजेवर टेकवून, दहा मिनिटे पोटाने श्वास घेण्याची. मग गुडघे दुमडून कंबर जमिनीला हलकेच दाबणे आणि सोडणे, एकेक गुडघा छातीकडे आणणे. दुखणे उतरू लागले की पालथे झोपून मकरासन, एका पायाचे अर्धशलभासन, हातांवर भार न देता केलेले बुटके भुजंगासन. म्हणजे कामात कंबर ज्या दिशेला कधी जात नाही, त्या दिशेला ती हळूहळू नेली जाते. पायात मुंग्या किंवा बधिरपणा वाढत असेल, पाऊल उचलेनासे झाले असेल, लघवीवरचा ताबा जात असेल, तर अभ्यास बंद करून तातडीने डॉक्टर गाठायचा.

गुडघ्यांचे गणित याहून सोपे. झिजलेल्या गुडघ्याला वज्रासन, पद्मासन नको. पाय लांब करून गुडघ्याखाली गुंडाळलेली चादर ठेवायची, ती मांडीच्या जोराने दाबायची, पाच श्वास धरायची, सोडायची. प्राणायाम खुर्चीवर बसूनही होतो.

मधुमेहात जेवण, चालणे आणि गोळी यांच्या जोडीला योगाने साखर काही अंशी उतरते, झोप सुधारते. दम्यात श्वास सोडण्याचा सराव आणि धाप लागल्यावरची घाबरगुंडी आवरणे हा खरा फायदा. इनहेलर मात्र चालूच राहतो.

मनाच्या आरोग्याचा विषय या जिल्ह्यात हलक्या हाताने घेण्याजोगा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने किल्लारीबरोबर सास्तूरसारखी उमरगा-लोहारा भागातली गावेही जमीनदोस्त केली. त्यानंतर दुष्काळ, नापिकी आणि शेतकरी आत्महत्या आल्या. २०१५ मध्ये राज्य शासनाने यवतमाळसोबत याच जिल्ह्यात बळीराजा चेतना अभियान राबवले आणि चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठीच्या प्रेरणा प्रकल्पात आशाताईंनी घरोघरी जाऊन ताणाखालची माणसे शोधायला सुरुवात केली. अशा माणसाची पहिली तक्रार बहुधा शरीराचीच असते: झोप लागत नाही, छातीत धडधडते, डोके जड राहते, जेवण जात नाही. या लक्षणांवर लांब उच्छ्वास, भ्रामरी, झोपण्याआधीची योगनिद्रा यांनी आराम पडतो. सौम्य नैराश्यात आणि चिंतेत समुपदेशनाच्या जोडीला योगाचा उपयोग दिसून आला आहे. कर्जाचा हप्ता मात्र प्राणायामाने फिटत नाही, आणि पीकविम्याच्या प्रश्नाला ध्यानाचे उत्तर देणे हा त्या माणसाचा अपमानच ठरतो.

इथे क्रमालाही महत्त्व आहे. मोठा आघात सोसलेल्या माणसाला एकदम डोळे मिटून शांत बसवले तर तेच प्रसंग उसळून वर येऊ शकतात. म्हणून आधी उघड्या डोळ्यांनी हात, मान, खांद्यांची श्वासाबरोबर हालचाल, आणि ध्यान फार नंतर. भास होणाऱ्या किंवा वास्तवाशी संबंध सुटलेल्या रुग्णाला दीर्घ ध्यान किंवा जलद श्वासाच्या क्रिया देत नाहीत. जीव नकोसा झाल्याचे बोलणाऱ्याला योगवर्गाची नव्हे, मानसोपचाराची तातडी असते. त्यासाठी टेलि-मानसची १४४१६ ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून उपलब्ध आहे.

शरीराच्या बाबतीतही काही नियम पक्के आहेत. आवाक्यात नसलेला रक्तदाब, हर्निया, गरोदरपण, नुकतीच झालेली पोटाची शस्त्रक्रिया यांत कपालभाती आणि भस्त्रिका वर्ज्य. काचबिंदू असलेल्याने शीर्षासनासारखी डोके खाली नेणारी आसने टाळावीत. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धेला पुढे खोल वाकवू नये. इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी जोराचा अभ्यास केला तर साखर एकाएकी उतरू शकते. दूरदर्शन किंवा मोबाइलवर पाहून केलेल्या अभ्यासात नेमके हेच सुटते, कारण समोरचा शिक्षक रुग्णाला पाहत नसतो.

जिल्ह्यात या कामासाठी लागणारे बरेचसे साहित्य हाताशी आहे. धाराशिवला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे; आयुर्वेदाच्या पदवीत स्वस्थवृत्त आणि योग हा अभ्यासाचा भाग असतो. उपकेंद्रांची आयुष्मान आरोग्य मंदिरे झाली आहेत आणि योगसत्र त्यांच्या कामात धरलेले आहे. तुळजापूर तालुक्यात अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. शेजारणीच्या शब्दाला गावात किती वजन असते हे त्या कामातून दिसले आहे. कमतरता आहे ती उपचारासाठी शिकलेल्या योगशिक्षकांची. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळात योगशिक्षक आणि योगोपचारक यांच्या परीक्षा वेगळ्या आहेत, आणि यांतली कोणती परीक्षा दिली आहे, हाच रुग्णाने शिक्षकाला विचारण्याचा पहिला प्रश्न.

वेळापत्रकही गावाच्या कामाशी जुळवावे लागते. पेरणी आणि काढणीच्या दिवसांत पहाटेचा तासभर कुणाला परवडत नाही; संध्याकाळी कामावरून आल्यावर वीस मिनिटे, बहुतेक पडूनच, हे जमते. तोडणीला जाणाऱ्यांना कोपीवर, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या झोपडीत, करता येतील अशा तीनच क्रिया शिकवून पाठवणे शहाणपणाचे. गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत. सुरुवातीला रक्तदाब, साखर, किती वेळ उकिडवे बसता येते, रात्री किती तास झोप लागते, एवढे लिहून ठेवायचे आणि सहा ते आठ आठवड्यांनी तेच पुन्हा मोजायचे. फरक दिसला तर गोळी कमी करण्याचा निर्णय डॉक्टर घेतात. दिसला नाही तर अभ्यास बदलायचा किंवा निदान पुन्हा तपासायचे.