शेवटच्या अंकाचं भांडण

हिंजवडीजवळच्या माणमध्ये, आयटी पार्कच्या फेज ३ला बसून सी लिहिणाऱ्यांनो, ही गंमत वाचाच. जीसीसी कंपायलरच्या बग-यादीत ३२३ क्रमांकाची तक्रार आहे, २००० सालची. तेच गणित दोनदा करा, उत्तरांची तुलना करा, तर म्हणे सारखी नाहीत! मधे एखादं प्रिंटएफ घातलं की कधी कधी गुपचूप सारखी होतात. कारण जुन्या इंटेल चिपचं रजिस्टर ८० बिटचं आणि मेमरीतला डबल ६४ बिटचा. मेमरीत जाताना शेपूट छाटलं जातं. वापरणारे म्हणाले कंपायलर चुकला, सांभाळणारे म्हणाले चिपच तशी. वर्षानुवर्षं तीच तक्रार नव्याने येत राहिली.

आपल्या दारातलं उदाहरण रेनेसासच्या आरएक्स चिपचं. तिची जीसीसी टूलचेन हिंजवडीच्या केपीआयटीने अनेक वर्षं मोफत दिली. जीसीसीची पुस्तिका सांगते, चिपचं फ्लोटिंग युनिट चालू केलं की ‘असुरक्षित’ गणिती ऑप्टिमायझेशनही आपोआप चालू होतं. कारण त्या युनिटच्या सूचनाच मुळात असुरक्षित! पुस्तिकेचा हा प्रामाणिकपणा मला आवडतो.

साइन-कोसाइनचं तर आयट्रिपलई ७५४ हे फ्लोटिंग पॉइंटचं मानकही अचूक राउंडिंगची सक्ती करत नाही. ग्लिबसी या सी लायब्ररीने २०१८मध्ये वेगासाठी त्यांतले संथ, अतिअचूक मार्ग काढले. २०२५च्या आवृत्तीत मात्र कोअर-मॅथ प्रकल्पाची अचूक राउंडिंगची अनेक फ्लोट फंक्शन्स घेतली.

आज मेकफाइल उघडा आणि तेच ‘असुरक्षित’ ऑप्टिमायझेशन चालू करणारं ‘फास्ट-मॅथ’ कुणी, का घातलंय ते विचारा.