विग्रिड

नॉर्स पुराणकथांनुसार जगाच्या अंतसमयी (रॅग्नरॉक) देव आणि त्यांचे शत्रू यांच्यात ज्या मैदानावर अखेरचे युद्ध व्हावयाचे आहे, ते मैदान. मूळ नॉर्स रूप ‘व्हीग्रीदर’. त्यातील पहिल्या पदाचा अर्थ युद्ध वा वध असा आहे.

पद्य एडातील वाफ्थ्रूद्निस्माल या काव्यात विग्रिडचा उल्लेख येतो. देवश्रेष्ठ ओडिन वेषांतर करून वाफ्थ्रूद्निर या ज्ञानी राक्षसाकडे जातो. अग्निलोकाचा रक्षक सुर्ट व देव यांची गाठ कोठे पडेल, असे राक्षस विचारतो, तेव्हा ओडिन विग्रिडचे नाव सांगतो आणि त्याचा विस्तार प्रत्येक दिशेस शंभर रॉस्त (दोन विश्रांतिस्थानांमधील अंतर) असल्याचे सांगतो. त्याच संवादात पुढे तो ओडिनच्या अंताविषयी विचारतो व लांडगा त्यास गिळील, असे उत्तर त्याला मिळते. फाफ्निस्माल या काव्यात मात्र रणभूमी म्हणून ऑस्कोप्निर हे बेट सांगितले आहे, तर व्होलुस्पा या काव्यात युद्धाचे वर्णन असूनही मैदानाचे नाव नाही.

आइसलँडचा इतिहासकार स्नॉरी स्टर्लसन (११७९–१२४१) याने गद्य एडात (सु. १२२०) या कथा एकत्र गुंफल्या. त्यानुसार सुर्टचे अग्निसैन्य, फेनरिर हा लांडगा, मिडगार्डचा महासर्प, लोकी आणि हिमराक्षस विग्रिडवर जमतात. हेमडाल शिंग फुंकून देवांना जागे करतो व वालहालातील मृत वीरांसह देव रणात उतरतात. फेनरिर ओडिनला गिळतो. ओडिनचा पुत्र विदार त्याचा जबडा फाडून सूड घेतो. थॉर महासर्पाला मारतो, परंतु त्याच्या विषाने नऊ पावलांवर कोसळतो. आपली तलवार पूर्वीच देऊन टाकलेला फ्रे सुर्टच्या हातून मरतो. हेमडाल व लोकी परस्परांना ठार करतात. शेवटी सुर्ट अवघे जग जाळून टाकतो.

युद्धाचे स्थळ आणि ओडिनचा मृत्यू आधीच ठाऊक असूनही देव विग्रिडवर जातात. नॉर्स वीरकल्पनेचे मर्म यातच आहे : विजयाची आशा नसतानाही लढणे हे कर्तव्य ठरते. तथापि कथेचा शेवट विनाशात होत नाही. समुद्रातून हिरवी पृथ्वी पुन्हा वर येते, विदारसह काही देव वाचतात, बाल्डर मृतलोकातून परततो आणि लिफ व लिफ्थ्रासिर या मानवी जोडप्यापासून नवी मानवजात निर्माण होते.

इंग्लंडमधील गॉस्फर्थ येथील दहाव्या शतकातील दगडी क्रुसावर श्वापदाचा जबडा फाकवणारी एक आकृती कोरलेली असून ती विदारची असावी, असे मानतात.