आठशे पानांत उद्दिष्ट कुठे होतं?

संगणकप्रणाली आणायची ठरली की विभागाविभागाला एक परिपत्रक जातं: तुम्हाला काय काय हवं ते कळवा. यादी जितकी लांब, तितकं नियोजन पक्कं, हा समज सहसा कुणी तपासून पाहत नाही.

अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेकडे अशी यादी होती, आठशेहून अधिक पानांची. कागदी फायलींची जागा घेणाऱ्या ‘व्हर्च्युअल केस फाइल’साठी महिनोन्‌महिने बैठका झाल्या आणि पडद्यावर बटण कुठे असावं, त्यावर कोणते शब्द असावेत, इथवर तपशील लिहिला गेला. सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ मध्ये हा प्रकल्प गुंडाळला गेला. बटणाची जागा ही मागणी झाली. एका शहरातला धागा दुसऱ्या शहरातल्या तपास अधिकाऱ्याच्या हाती वेळेत लागावा, हे उद्दिष्ट. मागण्या कुणीही सांगतो. उद्दिष्ट सांगायचं तर आपलं मुख्य काम कोणतं, यावर वरिष्ठांचं आधी एकमत लागतं, आणि घोडं तिथेच अडतं.

उद्दिष्टं एकदा लिहून घेतली की झालं, हाही गैरसमजच. ‘व्हर्च्युअल केस फाइल’चं कंत्राट जून २००१ मधलं. तेव्हा जुन्याच प्रणालीला नवा चेहरा द्यायचा बेत होता. ११ सप्टेंबरच्या दहशतवादी हल्ल्यांनंतर घडलेला गुन्हा उकलण्यापेक्षा पुढचा हल्ला रोखणं महत्त्वाचं ठरलं आणि सगळीच प्रणाली नव्याने बांधायचं ठरलं. आठशे पानं त्यानंतरची, आणि ती लिहून झाल्यावरही शेकडो बदल सुचवले गेले. काम आणि यंत्रणा यांची सांगड घालणारा संस्थेचा एकत्रित आराखडाच नसल्यामुळे कोणता बदल स्वीकारायचा आणि कोणता नाकारायचा, हे कशाच्या आधारे ठरवणार?

‘हे आयटीवाले बघतील’ हा तिसरा समज. जर्मन किराणा साखळी लिडल मालसाठ्याचा हिशेब खरेदी किमतीने ठेवत आली. सॅप या सॉफ्टवेअर कंपनीची तयार प्रणाली तो विक्री किमतीने धरते. लिडलने आपली पद्धत सोडली नाही, उलट प्रणालीच बदलायला घेतली. सात वर्षं आणि, बातम्यांनुसार, सुमारे ५० कोटी युरो घालवून २०१८ मध्ये तिने तो नाद सोडला. हिशेबाची कोणती पद्धत धंद्याला हवी, हा प्रश्न संगणक विभागाचा नव्हताच.

एफबीआयने पुढे ‘सेंटिनल’ ही नवी प्रणाली हाती घेतली. तीही रखडली; २०१० मध्ये संस्थेने सूत्रं स्वतःकडे घेतली, दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्यांत काम सुरू केलं आणि जुलै २०१२ मध्ये प्रणाली कार्यान्वित झाली.